विद्यापीठ केवळ वर्गात नसते
(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील उच्चशिक्षित तरुणांपुढे दिलेले भाषण)



ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी पाटी-पेन्सिल नव्हती, त्या घरांतील मुलेमुली आज पीएच.डी. होत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु पेढे वाटून होतात न होतात तोच घरचे विचारू लागतात, "प्राध्यापक कधी होणार?" जागा भरल्या जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर राबता राबता उमेदीची वर्षे निघून जातात. रिक्त जागा भरण्याची मागणी आपण सोडता कामा नये. परंतु विद्वानाचे स्थान केवळ फळ्यापाशीच असते, ही समजूत मात्र सोडली पाहिजे.

दूर कशाला जावे? आपल्या खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण उभी आहे. ती चालविणारे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे, आणि ही संस्था अभिमत विद्यापीठ आहे. तेथे आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांबरोबर यंत्रे व संगणक सांभाळणारे तज्ज्ञही लागतात. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र पाहा. अशा केंद्राच्या प्रमुखपदासाठी डॉक्टरेट लागते. पण त्याचा वर्ग शेतकऱ्याच्या बांधावर भरतो.

आता विद्यापीठाच्या कचेरीकडे वळू. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ याने कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचा संचालक, वित्त व लेखा अधिकारी अशी पदे निर्माण केली आहेत. ही नुसती मानाची पदे आहेत काय? घोडेगावचा किंवा ओतूरचा विद्यार्थी पुण्यास जातो, तेव्हा त्याचा प्रवेश, त्याची शिष्यवृत्ती व त्याचा निकाल यांचे कागद वर्गात नव्हे, कचेरीत हलतात. घटनेच्या कलम १६(४) खालील आरक्षण बिंदुनामावलीच्या नोंदवहीत बरोबर उतरले नाही, तर उमेदवारास कोर्टाची पायरी चढावी लागते. आणि निकाल लागेपर्यंत त्याचे वय उलटून जाते. ती नोंदवही समजणारा अभ्यासू माणूस कचेरीत असेल, तर पुष्कळ दावे उभेच राहणार नाहीत. त्याने आपल्या माणसास झुकते माप द्यावे, असे मी म्हणत नाही. नियम नियमाप्रमाणे चालवावा, एवढे पुरे आहे.

मात्र नुसत्या डॉक्टरेटने ही दारे उघडत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांप्रमाणे कुलसचिवास पदव्युत्तर पदवीबरोबर १५ वर्षांचा अनुभव लागतो. विद्यापीठाच्या ग्रंथपालास ग्रंथालयशास्त्रातीलच डॉक्टरेट व १० वर्षांचा अनुभव लागतो. म्हणून खालच्या पायरीवर पाय ठेवण्यात कमीपणा मानू नका. संशोधन चालू असतानाच परीक्षा विभागाचे, नॅकच्या अहवालाचे, नियतकालिकाच्या संपादनाचे काम मागून घ्या. त्या कामाचा दाखला तारीखवार, सहीशिक्क्यानिशी मिळवा. तोंडी अनुभव छाननी समितीपुढे टिकत नाही. जात वैधता प्रमाणपत्राची तजवीज जाहिरात निघण्याची वाट न पाहता करून ठेवा. आणि जाहिरात वाचताना पदनामावर थांबू नका, अर्हतेची ओळ शब्दशः वाचा.

बाबासाहेबांनी कोलंबिया व लंडन येथील डॉक्टरेट मिळविल्या आणि मुंबईत अध्यापनही केले. परंतु ते वर्गापाशी थांबले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय व १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय उभे केले. वर्गात शिकविणारा माणूस पाहिजेच. पण ज्या विद्यार्थ्याचा अर्ज खिडकीवरूनच परत जातो, त्यास कोण शिकविणार? त्या खिडकीच्या आतील बाजूस बसण्याची योग्यता तुम्ही मिळविली आहे. तेथे जाऊन बसा, एवढीच माझी विनंती आहे.

जयभीम.