सूक्ष्मजीवांच्या साह्यास ध्वनिलहरी

भारताला निकेल आयात करावे लागते. मात्र ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइट काढताना निकेलयुक्त जांभा बाजूला टाकला जातो. त्यातील निकेलचे प्रमाण अल्प असल्याने भट्टीचा खर्च परवडत नाही. ॲस्परजिलस नायजर ही बुरशी सेंद्रिय आम्ले निर्माण करून तो धातू विरघळविते. परंतु तिची गती मंद असते. श्राव्यातीत ध्वनिलहरींमुळे द्रवात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुटतात. त्यांच्या आघाताने खनिजकणांचा पृष्ठभाग मोकळा होतो व आम्ल आत पोचते. अशा जांभ्यावरील २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात एरवी २० दिवसांत ९२ टक्के सुटणारे निकेल १४ दिवसांतच ९५ टक्के सुटले. लहरी अतितीव्र झाल्यास मात्र बुरशीच नष्ट होते. योग्य मात्रा हेच या तंत्राचे मर्म होय.