प्रार्थनेचा झाला मणी



उत्सवाच्या सभेंत शब्दाची व्युत्पत्ति सांगत बसणें कोणास रुक्ष वाटेल. परंतु ज्या शब्दाविषयीं मी बोलणार आहें, तो आपणांपैकीं पुष्कळांच्या खिशांत या क्षणीं आहे. मण्याला इंग्रजींत 'बीड' म्हणतात. घामाचा थेंब आणि बंदुकीच्या नळीवरील नेम धरावयाचें टिंब यांनाही हेंच नांव. मुळांत मात्र या शब्दाचा अर्थ 'प्रार्थना' असा होता.

जर्मन भाषेंत प्रार्थनेला आजही 'गेबेट' म्हणतात. तो याच कुळांतील शब्द होय. मध्ययुगांत इंग्लंडांतील भाविक दोऱ्यांत ओवलेल्या गोळ्यांवर आपल्या 'बीड', म्हणजे प्रार्थना, मोजीत असत. प्रार्थना डोळ्यांना दिसत नाहीं. बोटांतून सरकणारी गोळी तेवढी दिसते. म्हणून हळूहळू प्रार्थनेचें नांव गोळीला चिकटलें. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीनें आपल्या काव्यांतील मठाधिकारिणीच्या हातावर पोंवळ्यांची माळ दाखविली आहे. तेथें हा शब्द माळेच्या मण्यांनाच लावलेला आहे. पुढें तर शोभेच्या कांचमण्यालाही तेंच नांव मिळालें. जुना अर्थ 'बीड्समन' या शब्दांत मात्र टिकून राहिला. दात्याच्या अन्नावर राहून त्याच्या आत्म्यासाठीं प्रार्थना करणाऱ्या गरिबाला तसें म्हणत.

आपला 'मणी' संस्कृतांतील 'मणि', म्हणजे रत्न, या शब्दावरून आला. त्यांत प्रार्थना नव्हती. म्हणून आपल्या पूर्वजांनीं माळेच्या आधीं 'जप' हा शब्द जोडला आणि 'जपमाळ' म्हटलें. त्यांनीं जें जोडलें, तें आपण गाळीत तर नाहीं ना?

माझ्या आजीची माळ एकदां तुटली. पांच दशकांच्या माळेंत 59 मणी असतात; शोधून शोधून 56च सांपडले. मी म्हणालों, "आजी, आतां नवी माळ घे." ती म्हणाली, "मणी हरवले रे, नमो मारिया कुठें हरवली?" आणि तिनें रिकाम्या तीन जागीं दोऱ्याला गांठी मारल्या. पुढें मरेपर्यंत ती त्या गांठींवरही तितकीच थांबत असे.

इंग्रजी भाषेंत प्रार्थनेचा मणी झाला. आजीला अक्षरओळख नव्हती. परंतु त्या शब्दाचा मूळ अर्थ तिच्या बोटांना ठाऊक होता. ती माळ आज माझ्याजवळ आहे. तिच्या गांठींवर माझें बोट थांबतें कीं नुसतें घसरतें, हें मी रोज संध्याकाळीं स्वतःस विचारतों. आपणही घरीं जाऊन विचारून पाहावें, एवढीच विनंती.