डार्विनचं मोठं ‘जर’

मी कविता लिहिणारा माणूस. शिक्षण बी. ए., तेही मराठी घेऊन. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या परीक्षेबरोबर संपला. तरी आज सजीवांचा उगम आणि उत्क्रांती यांवर बोलायचं धाडस करतो आहे. त्याला कारण माझी एक फसलेली कविता.

वीसेक वर्षांपूर्वी मी अब्बांवर कविता लिहिली होती. अब्बा आयुष्यभर बाजारात हमाली करत. कवितेत एक जिराफ होता. उंचावरचा पाला मिळावा म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या मान ताणत राहिला आणि त्याची मान लांब झाली. तशीच अब्बांची मेहनत माझ्या रक्तात उतरली, असा तिचा आशय. कविसंमेलनात टाळ्या पडल्या. खाली उतरलो, तर प्राणिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक वाट बघत उभे. म्हणाले, ‘‘कविता चांगली आहे हो, पण जिराफ चुकलाय.’’

मला रागच आला. कवितेत कुठं शास्त्र बघतात? पण टपरीवर चहा घेता घेता त्यांनी नीट समजावलं. मी सांगत होतो ती कल्पना लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाची, १८०९ सालची. डार्विननं १८५९ मध्ये निराळंच सांगितलं. एकाच कळपात कुणाची मान जरा आखूड, कुणाची जरा लांब. हा फरक जन्मापासूनच असतो. त्या परिस्थितीत जो फरक कामाला येतो, तो असणारे जास्त जगतात, त्यांना पिल्लं जास्त होतात आणि पुढच्या पिढ्यांत तो फरक पसरत जातो. हीच नैसर्गिक निवड. जिराफाच्या लांब मानेचा उपयोग पाल्यासाठी की नरांच्या झुंजींसाठी, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. पण ताणून ताणून ती लांब झाली नाही, यावर वाद नाही.

त्या रात्री घरी जाताना एक गोष्ट लक्षात आली. पोती वाहून अब्बांची पाठ वाकली होती. लामार्क बरोबर असता, तर ते वाकणं माझ्याही वाट्याला आलं असतं. मी ताठ पाठीचा जन्मलो. अब्बांनी मला जे दिलं ते रक्तातून आलेलं नव्हतं. त्यांनी शाळेची फी भरली, वह्या आणल्या, त्यातून ते आलं. ती कविता मी पुन्हा कुठं वाचली नाही.

नंतर माझी भाची दहावीला गेली. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच पाठ आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा. तिनं विचारलं, ‘‘मामू, माणूस माकडापासून झाला का?’’ तोवर माझं थोडं वाचन झालं होतं. म्हटलं, ‘‘आजच्या माकडांपासून नाही. त्यांचे आणि आपले पूर्वज एक. चिंपांझी तर आपला चुलतभाऊच. त्याची आणि आपली वाट साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली.’’ तिनं पुढचा प्रश्न टाकला, ‘‘मग सगळ्यांच्या आधीचा पहिला जीव कुठून आला?’’

इथं मी अडखळलो. पुढं कळलं की इथं भलेभले अडखळतात. कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जीव असल्यावर तो बदलत कसा गेला, हा उत्क्रांतीचा प्रश्न. त्याचं उत्तर जीवाश्म आणि डीएनए यांच्या भक्कम पुराव्यानिशी मिळालं आहे. निर्जीवातून पहिला सजीव कसा झाला, हा उगमाचा प्रश्न. त्याचं उत्तर अजून शोधलं जात आहे.

खुद्द डार्विननं १८७१ मध्ये हूकर या मित्राला लिहिलेल्या पत्रात एक कल्पना मांडली. एखाद्या लहानशा कोमट डबक्यात अमोनिया आणि फॉस्फरसचे क्षार असतील, त्यांना प्रकाश, उष्णता, वीज मिळाली, तर प्रथिनासारखा पदार्थ तयार होईल. पण त्याआधी त्यानं ‘जर’ घातला आणि तो फार मोठा ‘जर’ आहे, अशी कबुलीही दिली. मला हा ‘जर’ फार आवडतो.

पुढं १९२४ मध्ये रशियाच्या ओपारिन यांनी आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे हाच विचार विस्तारानं मांडला. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

१९५३ मध्ये शिकागोत स्टॅन्ली मिलर या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं काचेच्या उपकरणात पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन भरून ठिणग्या सोडल्या. काही दिवसांत पाण्याचा रंग पालटला. त्यात अमिनो आम्लं सापडली. प्रथिनं त्यांचीच बनतात. मिलरनं काही नमुने कुप्यांत जपून ठेवले होते. २००७ मध्ये ते वारले. त्यांचे शिष्य जेफ्री बाडा आणि सहकाऱ्यांनी त्या जुन्या कुप्या नव्या यंत्रांवर तपासल्या, तेव्हा २००८ मध्ये त्यांतल्या एका प्रयोगाच्या नमुन्यांत बावीस अमिनो आम्लं मिळाली. पन्नास वर्षांपूर्वी वाळलेला तो थर मिलरना वाचता आला त्याहून जास्त सांगत होता.

अर्थात अक्षरं सांडली म्हणून कविता होत नाही. सुरुवातीची हवा मिलरनं धरली तशीच होती का, याबद्दलही शंका आहे. शिवाय एक पेच आहे. प्रथिनं बनवायला डीएनएतली माहिती लागते आणि डीएनएची नक्कल करायला प्रथिनं लागतात. मग आधी कोण? माहिती साठवणारा आरएनए हा रेणू काही कामं प्रथिनांसारखी स्वतःच करतो, असं चेक आणि ऑल्टमन यांनी दाखवलं. त्याबद्दल १९८९ चं नोबेल मिळालं. त्यामुळे आधी आरएनए असावा, असं अनेकांना वाटतं. पण तो आपोआप कसा जुळला? तिथं पुन्हा ‘जर’ आहेच.

आता आपल्या लोणारचं बघा. जून २०२० मध्ये सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा नाना तर्क निघाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं आणि खाऱ्या पाण्यात वाढणारे ‘हॅलोआर्किया’ हे सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचं सांगितलं. आर्किया ही जीवाणूंहून वेगळी शाखा आहे, हे कार्ल वूज यांनी १९७७ मध्ये ओळखलं. लोणार काही जीवाचं जन्मस्थान नव्हे. पृथ्वीवर जीव किमान साडेतीनशे कोटी वर्षांचा, त्यापुढे हे सरोवर कालचं. पण अशा सोड्याच्या सरोवरांत विरघळलेला फॉस्फरस भरपूर साठू शकतो आणि त्याशिवाय डीएनए नाही, आरएनए नाही. कॅनडातल्या ‘लास्ट चान्स लेक’ नावाच्या तळ्यात तो कसा साठतो, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. डार्विनचं डबकं कदाचित असंच असेल.

मी श्रद्धावान मुसलमान आहे. मला दोन बाजूंनी विचारणा होते. एक म्हणतात, हे मानलंस तर श्रद्धा गेली. दुसरे म्हणतात, हे सगळं आपल्या ग्रंथात आधीच आहे. पहिल्यांना मी सांगतो, माझी नमाज चुकलेली नाही. दुसऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. आजचं शास्त्रीय मत ग्रंथाला चिकटवलं आणि उद्या ते बदललं, तर काय करणार? शास्त्राच्या ‘जर’मध्ये घाईनं देव बसवू नये, आणि त्या ‘जर’कडे बोट दाखवून उत्क्रांतीही नाकारू नये.

एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी पत्र काढून निषेध केला. तो विषय बारावीच्या जीवशास्त्रात आहे, असं उत्तर आलं. पण दहावीनंतर माझ्यासारखी कला शाखेला जाणारी मुलं बारावीचं जीवशास्त्र कधी उघडणार? त्यांच्यासाठी दहावीचा वर्ग हाच विज्ञानाचा शेवटचा दरवाजा असतो. तो बंद झाला, की जिराफ मान ताणतच राहतो.

भाचीला मी त्या दिवशी खरं तेच सांगितलं, ‘‘पहिला जीव कसा झाला, ते अजून कुणालाच नक्की ठाऊक नाही.’’ ती खूश झाली. म्हणाली, ‘‘म्हणजे अजून शोधायला जागा आहे!’’

अब्बांवरची कविता मी नव्यानं लिहायला घेतली आहे. या वेळी तिच्यात शाळेची फी आहे, जिराफ नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)