अभ्यासक्रमाची परीक्षा

वैद्यकीय महाविद्यालयात परीक्षा होते ती विद्यार्थ्याची. ज्या अभ्यासक्रमातून तो घडतो त्याची परीक्षा तितक्या कसोशीने क्वचितच घेतली जाते, आणि निकाल चांगला लागला म्हणजे शिक्षणही चांगले झाले असे मानून संस्था पुढील वर्षाच्या वेळापत्रकाकडे वळतात. शिकवण्यामागचा हेतू किती साधला आणि साधला नसेल तर नेमका कोठे अडला, हे पुराव्यानिशी शोधणे म्हणजे शैक्षणिक कार्यक्रमाचे मूल्यमापन. या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचा, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून साम्य आणि फरक ओळखायला शिकलेल्या संगणक-प्रणालींचा, कितपत उपयोग होईल, हा प्रश्न राळेगणसिद्धीसारख्या गावाच्याही जिव्हाळ्याचा आहे, कारण गावाला मिळणारा डॉक्टर याच शिक्षणातून येतो.

भारतात २०१९ पासून एमबीबीएससाठी क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला. विद्यार्थ्याला काय पाठ आहे यापेक्षा त्याला प्रत्यक्ष काय करता येते, याला त्यात महत्त्व आहे. पुढे २०२१-२२ च्या तुकडीपासून कुटुंब दत्तक उपक्रम आला, ज्यात विद्यार्थी खेड्यातील काही कुटुंबांच्या आरोग्याचा शिक्षणकाळात पाठपुरावा करतात. १९६९ मध्ये सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडीने गाव दत्तक घेण्याची परंपरा त्याआधीचीच आहे. अशा शिक्षणातून कार्यनोंदवह्या, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, शिक्षकांचे शेरे आणि कुटुंबभेटींच्या नोंदी यांचा मोठा साठा तयार होतो, परंतु तो सबंध वाचायला वेळ कोणाकडेच नसतो.

येथे यंत्राची मदत खरोखर मोलाची आहे. माणसांनी लिहिलेली भाषा हाताळणारी प्रणाली हजारो अभिप्रायांतून वारंवार येणाऱ्या तक्रारी एकत्र करू शकते, आणि प्रश्नपत्रिकांची अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांशी तुलना करून कोणते कौशल्य शिकवले जाते पण कधीच तपासले जात नाही, हेही दाखवू शकते.

तथापि, मूल्यमापनाची खरी कसोटी याच्या पलीकडे सुरू होते. डोनाल्ड किर्कपॅट्रिक या अमेरिकन अभ्यासकाने १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले: शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, त्याचे वागणे बदलले का, आणि शेवटी त्याचा परिणाम काय झाला. पहिल्या दोन स्तरांचा पुरावा महाविद्यालयाच्या दप्तरात सापडतो. उरलेल्या दोहोंचा पुरावा रुग्णांच्या घरी असतो. राळेगणसिद्धीत १९७५ नंतर झालेल्या पाणलोटाच्या कामांचे फळ बंधाऱ्यांच्या संख्येत नव्हे, तर विहिरींच्या पाण्यात दिसले; कुटुंबभेटींची संख्या मोजून आरोग्यशिक्षणाचे यश ठरवणेही तितकेच अपुरे आहे. राळेगणसिद्धीच्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या कामातून गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, आणि औपचारिक शिक्षण नसलेल्या स्त्रीलाही गावच्या आरोग्याची नेमकी पारख करता येते हे त्या कामाने दाखवून दिले. लोणीच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारखी संस्था ज्या जिल्ह्यात १९८४ पासून आहे, तेथे अशा अनुभवी स्त्रियांचे मत मूल्यमापनात घेतले नाही, तर फार मोठा पुरावा वाया जाईल.

गावाचे मत यंत्रापर्यंत नीट पोहोचणे मात्र सोपे नाही. मोठ्या भाषा-प्रणाली मुख्यतः इंग्रजी मजकुरावर घडलेल्या असल्याने बोलीतील मराठीचा अर्थ लावताना त्या चुकू शकतात. शिवाय दारी आलेल्या शिकाऊ डॉक्टरला नाव ठेवणे गावात बरे दिसत नाही. “पोरं येतात, चौकशी करतात, बरं आहे” या उत्तराची यंत्र समाधानात गणना करील, तर ते ऐकणारी गावची आरोग्य कार्यकर्ती, आशाताई, लगेच विचारील की आजींचा रक्तदाब मोजला का. गुणांच्या धास्तीने विद्यार्थीही मोकळेपणी लिहीत नाहीत, आणि जे लिहिलेच गेले नाही ते कोणतीही प्रणाली वाचू शकत नाही.

म्हणून मोजमाप कशाचे करायचे हे माणसांनी आधी ठरवले पाहिजे, यंत्राचे निष्कर्ष नमुन्यादाखल मूळ नोंदींशी ताडून पाहिले पाहिजेत, आणि कुटुंबांची नावे व आजार प्रणालीकडे जाण्यापूर्वी वगळले पाहिजेत. माहितीच्या अधिकाराच्या चळवळीशी ज्या गावाचे नाव जोडले गेले आहे, त्या राळेगणसिद्धीला आपल्या घरांतून गोळा केलेल्या माहितीवरून कोणता निष्कर्ष निघाला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. महाविद्यालयाने तो निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि तेथे निघालेल्या हरकती पुढील वर्षाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीपुढे लेखी ठेवाव्यात.