खिडकीतल्या पट्ट्या आणि त्यांच्या दोऱ्या



पुण्या-मुंबईच्या फ्लॅटांमध्ये कापडी पडद्यांच्या जागी आता आडव्या पट्ट्यांची ब्लाइंड्स बऱ्याच घरांत दिसतात. त्यातली कितीतरी दिसायला लाकडाची आणि प्रत्यक्षात प्लॅस्टिकची असतात. दुकानदार त्यांना फॉक्स वुड म्हणतात. दोन इंच रुंदीची पट्टी, वरून सागाच्या नाहीतर अक्रोडाच्या रेषांचा छाप, आणि आत पीव्हीसी किंवा पीव्हीसीत लाकडाचा भुसा मिसळून केलेला माल. खऱ्या लाकडापेक्षा ही स्वस्त पडतात, ओलीला दाद देत नाहीत, म्हणून स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरातसुद्धा चालतात.

ही ब्लाइंड्स बसवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. दुरुस्तीला येणारा माल बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. पट्ट्या क्वचितच खराब होतात. जातात त्या दोऱ्या, अडकतं ते वरच्या पेटीतलं यंत्र, आणि मग चांगल्या पट्ट्यांसकट अख्खं ब्लाइंड भंगारात निघतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पीव्हीसी मातीत जिरत नाही. कचऱ्याच्या ढिगावर कुणी ते पेटवलं तर त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा डोळे-घसा जाळणारा धूर निघतो, डायॉक्सिनसारखी विषंही तयार होतात. म्हणून आज पुसण्याबद्दल सांगणारच आहे, पण त्याहून जास्त दोऱ्यांबद्दल सांगायचं आहे.

आधी धूळ. रस्त्यावरची माती, शेजारच्या बांधकामाचं सिमेंट, कबुतरांच्या पिसांचा भुगा, देवघरातल्या उदबत्तीची काजळी, सगळं या पट्ट्यांवर येऊन बसतं. पुष्कळ घरांत कोरड्या फडक्याने खसाखसा पुसतात आणि चार दिवसांनी तक्रार असते की पुसलं की जास्तच धूळ बसते. ही तक्रार खरी आहे. पीव्हीसीवर कोरडं कापड घासलं की त्यावर विजेचा भार साठतो. शाळेत फुगा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा प्रयोग केलेला आठवत असेल, तोच हा प्रकार. भारलेली पट्टी हवेतले बारीक कण स्वतःकडे ओढून घेते.

यावर उपाय म्हणजे जरासं ओलसर कापड. धूळ फार असेल तर आधी व्हॅक्यूम क्लीनरचा मऊ ब्रश किंवा रंगाऱ्याचा रुंद, कोरा ब्रश हलक्या हाताने फिरवून सैल माती काढा, नाहीतर पाणी लागताच तिचा चिखल होतो आणि दोऱ्यांच्या बेचक्यात जाऊन बसतो. मग कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा. हाताला ओल लागावी, पण दाबल्यावर थेंब पडू नये, एवढंच. शेवटच्या पाण्यात कपड्यांसाठी वापरतो त्या कंडिशनरचे चार-दोन थेंब टाकले तर पट्टीवर त्याचा अगदी पातळ थर राहतो, तो हवेतली ओल धरतो आणि भार साठू देत नाही. जास्त टाकू नका, चिकटा राहतो.

पुसायची रीत अशी. ब्लाइंड पूर्ण खाली सोडा. कांडी फिरवून पट्ट्या एका बाजूला मिटा, म्हणजे सगळ्या मिळून जवळजवळ सपाट पृष्ठभाग होतो. वरून खाली पुसत या. मग उलट्या बाजूला मिटा आणि दुसरं अंग पुसा. शेवटी पट्ट्या आडव्या करून जुना सुती मोजा हातात घाला आणि एकेक पट्टी दोन बोटांत धरून हात सरकवा. मोज्यासारखं या कामाला दुसरं काही नाही. ज्या ठिकाणी दोरीची शिडी पट्टीला धरते तिथे हात अडतो, तिथे ओढू नका. त्या बेचक्यात दात घासायचा जुना मऊ ब्रश चालवा.

स्वयंपाकघरातली गोष्ट वेगळी. फोडणीचा धूर पट्टीवर बसला की तेल हवेने हळूहळू घट्ट होत जातं आणि पिवळट, चिकट थर होतो. त्यावर धूळ बसली की नुसत्या पाण्याला तो बधत नाही. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घ्या, कापड लावून पाच मिनिटं थर भिजू द्या, मग पुसा. हट्टी डागावर खायच्या सोड्याची पेस्ट बोटाने लावा. पाणी कोमटच हवं, उकळतं नको, कारण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वाकलेली पट्टी पुन्हा सरळ होत नाही. तारेची घासणी आणि थिनर या दोन गोष्टींना जवळ येऊ देऊ नका. नखांचा रंग काढायचं ॲसिटोन आणि रंगकामाचं थिनर पट्टीचा पृष्ठभाग बिघडवतात, आणि सागाचा तो छाप क्षणात निघून येतो. खाली पांढरं प्लॅस्टिक दिसायला लागतं, त्यावर उपाय नाही. शेगडीच्या अगदी जवळच्या खिडकीला तर ही ब्लाइंड्स लावूच नयेत, असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

पिवळेपणाचंही बोलायला हवं, कारण त्यापायी लोक पट्ट्या घासून घासून संपवतात. पश्चिमेच्या खिडकीतली पांढरी पट्टी काही वर्षांनी पिवळसर होते. ऊन आणि उष्णता यांनी पीव्हीसीच्या रचनेतच बदल होतो. तो वरून बसलेला मळ नाही, तेव्हा तो धुऊन जाणार नाही. करता येतं ते एवढंच, की नेहमी एकाच बाजूला मिटायची सवय सोडायची. एक आठवडा वरच्या बाजूने मिटा, पुढचा आठवडा खालच्या बाजूने, म्हणजे दोन्ही अंगांना सारखं ऊन लागतं. ऑक्टोबरच्या आणि एप्रिल-मेच्या दुपारी काच बंद आणि ब्लाइंड मिटलेलं असेल तर मधल्या जागेत हवा फार तापते, गडद रंगाच्या पट्ट्या आणखीच. तेव्हा काच बोटभर तरी उघडी ठेवा.

आता वरची पेटी. खिडकीच्या माथ्यावर जी लांबट पेटी असते आणि जिच्यापुढे शोभेची झालर लावलेली असते, तिच्यात ब्लाइंडचं सगळं यंत्र आहे. पट्ट्या फिरवणारा लोखंडी गज, कांडीचं दातेरी चाक, दोरी धरून ठेवणारी कडी. पेटी बहुधा पत्र्याची असते. घाईच्या वेळी अख्खं ब्लाइंड उतरवून न्हाणीघरात शॉवरखाली धरतात, ते करू नका. पट्ट्यांना काही होत नाही, पण पेटीत पाणी राहतं आणि गज गंजतो. दादर-वरळीसारख्या समुद्राकाठच्या वस्तीत खारी हवा आधीच हे काम करत असते. पेटीवरून कोरडा ब्रश फिरवा, बस. कांडी फिरवताना करकर वाजलं किंवा फिरूनही पट्ट्या हलल्या नाहीत तर जोर लावू नका. चाकात धाग्याचा गुंता किंवा धूळ असते, नाहीतर गज सरकलेला असतो. धूळ काढून सिलिकॉनचा फवारा थोडासा मारा. खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. तेल धूळ धरतं आणि ओघळून दोरीला लागलं की तो डाग जात नाही.

दोऱ्यांकडे वळतो. ब्लाइंडमध्ये दोन तऱ्हेच्या दोऱ्या असतात. एक शिडीची, जिच्या पायऱ्यांवर पट्ट्या टेकलेल्या असतात. दुसरी उचलायची, जी प्रत्येक पट्टीच्या भोकातून खालच्या दांडीपर्यंत जाते. दोन इंची पट्ट्यांचं ब्लाइंड वजनाला चांगलंच जड असतं आणि ते सगळं वजन दर वेळी या बारीक दोऱ्यांवर येतं. म्हणून वर उचलण्याआधी पट्ट्या आडव्या करा. मिटलेल्या पट्ट्यांसकट ओढलं तर भोकाची कड दोरीला घासते. एका हाताने दोरी ओढताना दुसऱ्या हाताने खालच्या दांडीला आधार दिला तर दोरीचं आयुष्य पुष्कळ वाढतं. खाली सोडताना दोरी एकदम हातातून सोडू नका.

पावसाळ्याआधी एकदा खिडकीजवळ उभं राहून ही दोरी निरखून बघा. आधी बिघडते ती वरच्या कडीपाशी. तिथे दोरीचा गुळगुळीतपणा जातो, बारीक केस उभे राहतात, रंग काळपट पडतो. आतली वेगळ्या रंगाची वात दिसायला लागली की दोरी बदलायची वेळ झाली. तुटायची वाट बघू नका, कारण न तुटलेली दोरीच नव्या दोरीला वाट दाखवते.

हे कसं करायचं ते सांगतो, घरी जमण्यासारखं आहे. जुन्या दोरीएवढ्याच जाडीची नवी दोरी आणा. जाड असली तर कडीत अडकेल, बारीक असली तर कडी तिला धरणार नाही. खालच्या दांडीच्या पोटाला प्लॅस्टिकची बुचं असतात, ती अलगद उचकटा. आत गाठ दिसेल, ती कापा. जुन्या दोरीचं हे टोक आणि नव्या दोरीचं टोक एकमेकांना डोक्याला डोकं लावून सुईदोऱ्याने चार टाके घालून शिवा. गाठ मारू नका, गाठ कडीतून जात नाही. मग हातात धरायच्या बाजूने जुनी दोरी सावकाश ओढत राहा. तिच्यामागून नवी दोरी प्रत्येक भोकातून, शिडीच्या आलटून-पालटून बाजूंनी, पेटीतून आणि कडीतून बाहेर येते. खाली गाठ मारा, बूच बसवा. एक दोरी बदलली की सगळ्या बदला, नाहीतर नवी-जुनी कमीजास्त ताणली जाऊन ब्लाइंड तिरपं चढतं.

पट्टी मोडली तरी ब्लाइंड टाकायचं कारण नाही. तयार ब्लाइंड बहुतेक वेळा खिडकीपेक्षा जरा लांब असतं आणि खाली दोन-तीन पट्ट्या नुसत्याच एकमेकींवर बसलेल्या असतात. खालची गाठ सोडून उचलायच्या दोऱ्या मोडक्या पट्टीपर्यंत वर ओढून घ्या, ती पट्टी बाजूने सरकवून काढा, खालची जास्तीची पट्टी तिथे घाला आणि दोऱ्या पुन्हा ओवा. पाऊस संपला की शिडीच्या दोऱ्यांवर काळे ठिपके दिसतात, ती बुरशी. साबणाच्या पाण्याने हलकेच घासून ब्लाइंड उघडं ठेवून वाळवा. घट बसायच्या आधी घराची साफसफाई निघतेच, तेव्हाच हे करावं.

जुन्या मालाच्या बाबतीत मात्र मी दुरुस्तीचा आग्रह धरत नाही. १९९६ साली अमेरिकेच्या ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाला आढळलं की बाहेरून आलेल्या काही व्हिनाइलच्या ब्लाइंड्समध्ये प्लॅस्टिक टिकावं म्हणून शिसं घातलेलं होतं. उन्हाने पट्टीचा पृष्ठभाग झिजला की ते शिसं धूळ होऊन वर येत होतं. लहान मुलं असलेल्या घरांतून अशी ब्लाइंड्स काढून टाका, असं आयोगाने तेव्हा सांगितलं. आपल्या घरात बऱ्याच वर्षांपूर्वीचं, कुणी बनवलं ते माहीत नसलेलं ब्लाइंड असेल, पट्टीला हात लावल्यावर पांढरी भुकटी बोटाला येत असेल आणि घरात रांगतं मूल असेल, तर ते बदला.

मुलांचाच विषय निघाला आहे तर लोंबती दोरी. तिचा फास लहान मुलाच्या गळ्याला बसून जगभरात मुलं दगावली आहेत. म्हणूनच अमेरिकेत २०१८ च्या डिसेंबरपासून दुकानात तयार मिळणारी ब्लाइंड्स बिनदोरीची किंवा दोरी हाताला लागणार नाही अशी बनवायचा नियम झाला. युरोपातल्या नियमाप्रमाणे दोरी गुंडाळायची खुंटी जमिनीपासून किमान दीड मीटरवर हवी. आपल्या घरी हे आजच करता येतं. भिंतीला पाच फुटांवर खुंटी ठोका आणि ब्लाइंड वर असताना दोरी तिच्यावर गुंडाळा. दोऱ्यांची टोकं एकमेकांना बांधून फास करू नका. पाळणा, दिवाण, मुलांचं टेबल खिडकीपासून लांब ठेवा.

आणि शेवटी, पुसणाऱ्या माणसाबद्दल. बहुतेक घरांत हे काम कामाला येणाऱ्या मावशींकडे जातं. आठव्या-दहाव्या मजल्यावर त्यांना खिडकीच्या कट्ट्यावर चढू देऊ नका, ग्रिल असली तरी नाही. आधी काचा बंद करून घ्या, पक्की शिडी द्या आणि कुणीतरी ती धरून उभं राहा. वरच्या पट्ट्यांपर्यंत हात पोचत नसेल तर ब्लाइंड उतरवूनच घ्या. दोन्ही टोकांच्या ब्रॅकेटना छोटी झाकणं असतात, ती उघडली की पेटी पुढे सरकते. वजन बरंच असतं, त्यामुळे दोघांनी मिळून उतरवा, जमिनीवर चादर अंथरून त्यावर ठेवा आणि खाली बसून निवांत पुसा.