आपत्ती व्यवस्थापन आणि आपली वस्ती

(विहाराच्या वर्धापनदिन सोहळ्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या व्यासपीठावरून धम्मावर आणि चळवळीवर भाषणे होतात. आम्हाला मात्र समितीने दोरखंड आणि तेलाच्या पिप्यांवर बोलायला सांगितले आहे. अमरावती-अकोल्याकडच्या वस्त्यांतून आम्ही काही कार्यकर्ते आपत्ती निवारणाचे प्रशिक्षण देत फिरतो. कोणत्याही वस्तीत गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "आपल्या वऱ्हाडात कुठं पूर येते जी? ते तर कोल्हापूर-सांगलीकडचं काम."

या प्रश्नाला उत्तर म्हणून आम्ही मोवाडचे नाव घेतो. 30 जुलै 1991 रोजी मोवाडला वर्धा नदीच्या पुराने 204 माणसे नेली. मोवाड नागपूर जिल्ह्यात, नरखेड तालुक्यात आहे हे खरे. पण नदी तीच, जी आपल्या वरूड-मोर्शीच्या शिवेवरून वाहते. याच नदीत वरूड तालुक्यातील झुंज येथे 14 सप्टेंबर 2021 रोजी नाव उलटली आणि दशक्रियेसाठी जमलेल्या नातेवाईकांपैकी 11 जण बुडाले. त्याच वर्षी जुलैच्या 21 तारखेच्या रात्री अकोल्यात दोनशे मिलिमीटरच्या घरात पाऊस झाला. मोर्णाकाठच्या खोलगट वस्त्यांत माणसे झोपेत असताना पाणी शिरले. 9 एप्रिल 2023 ला बाळापूर तालुक्यातील पारस येथे वादळात कडुनिंबाचे जुने झाड टिनाच्या शेडवर कोसळले. आत आसऱ्याला उभ्या असलेल्या भाविकांपैकी 7 जण दगावले. पूर, वीज, वादळ, ऊन, यातले वऱ्हाडात काय येत नाही?

आता जरा कडू बोलतो. आपली वस्ती कुठे असते? गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या काठाला, पांढरीच्या बाहेर. ही जागा आपल्या आजा-पणजाने निवडलेली नाही, ती त्यांच्या वाट्याला टाकली गेली. शहरात आलो तेव्हाही जी जमीन कोणी घेत नव्हते ती आपल्याला मिळाली. म्हणून नाल्याला लोंढा आला की पाणी आधी आपल्या उंबऱ्यात येते आणि वरच्या आळीला उशिरा कळते. पाऊस निसर्गाचा असतो, पण तो कोणाच्या घरात आधी शिरायचा हे माणसांनी फार पूर्वी ठरवून ठेवले आहे.

बाबासाहेबांनी पाण्याचा विचार किती खोलात केला होता, हे आपल्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना दामोदर नदीच्या पुराचा प्रश्न त्यांच्यापुढे आला. 8 नोव्हेंबर 1945 रोजी कटक येथे ओरिसातील नद्यांविषयी परिषद झाली. नुसते बांध घालून पूर अडत नाही, पाणी साठवून ते शेतीला, विजेला, वाहतुकीला वापरले पाहिजे, अशी भूमिका त्यांनी तेथे मांडली. आपत्तीला नशीब म्हणून हात जोडायचे नाहीत, ही दृष्टी आपल्याला त्यांच्याकडून मिळालेली आहे. आणि बुद्धाने तर अप्पमाद म्हणजे गाफील न राहणे हे सगळ्या कुशल धर्मांचे मूळ मानले.

काही ज्येष्ठ म्हणतात, हे काम सरकारचे आहे, आपण कशाला करायचे? सरकारचे आहेच. 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण आहे, 1077 या क्रमांकावर जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष आहे. पण हिशेब करून पाहा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर आणि धुळ्याला, राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याकडे. नागपूरहून अमरावती दीडशे किलोमीटर, अकोला अडीचशे. रात्री दोनला फोन केला, गाडी लगेच निघाली, तरी उजाडेल. बुडणाऱ्या माणसाजवळ मिनिटे असतात. त्या मिनिटांत तिथे जो असतो तो शेजारी. म्हणून शेजाऱ्याला शिकवायचे, एवढाच आमचा उद्योग आहे.

हे होऊ शकते का? बांगलादेशकडे पाहा. 1970 च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून जास्त माणसे मेली. त्यानंतर त्यांनी गावोगाव स्वयंसेवक उभे केले. हातात भोंगा, निशाण, ठरलेली घरे आणि ठरलेला निवारा. आज त्यांच्यात निम्म्या बाया आहेत. 2020 च्या अम्फान वादळात तिथले मृत्यू काही डझनांत राहिले. हवामानखात्याची सूचना आणि पक्के निवारे यांचाही त्यात वाटा आहे, पण ती सूचना दारापर्यंत नेली ती शेजाऱ्यानेच. आपल्याच जिल्ह्यात बार्शीटाकळी तालुक्यातील पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथकाची पोरे पाण्यात उतरून काम करतात, ते तुम्ही ऐकून आहात.

केंद्र सरकारच्या आपदा मित्र योजनेत बारा दिवसांचे प्रशिक्षण असते. ज्यांना जमेल त्या तरुणांनी ते जरूर घ्यावे. पण रोजमजुरीवर जाणाऱ्याला सलग बारा दिवस काढणे जड जाते. म्हणून आम्ही रविवारच्या वंदनेनंतर दोन-दोन तास असे तुकडे पाडले. यात नुकसानही होते, मागच्या रविवारचे पुढच्या रविवारी विसरले जाते. तरी न शिकण्यापेक्षा बरे.

शिकवतो काय? आधी, काय करायचे नाही ते. कोणी बुडताना दिसला की पोहता येणारा पोरगा सरळ उडी मारतो. बुडणारा त्याच्या गळ्याला मिठी मारतो आणि एकाचे दोन होतात. म्हणून काठी पुढे करा, झाकण घट्ट लावलेला रिकामा पिपा दोरीला बांधून फेका, दोरी नसेल तर दोन लुगडी एकमेकांना बांधा. पाण्यात उतरणे सगळ्यात शेवटी, तेही कमरेला दोर बांधून. बाहेर काढल्यावर त्याला उलटा धरून गरगर फिरवायचे नाही, पोट दाबून पाणी काढत बसायचे नाही. श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्यायचा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब द्यायचे, 108 ची गाडी येईपर्यंत. हे आम्ही गोधडीची गुंडाळी करून शिकवतो. बायाबापड्या आधी हसतात, मग घाम फुटेपर्यंत करतात.

विजेचे तसेच. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहतो म्हणून लोक हात लावत नाहीत, कुठे कुठे शेणात पुरतात. अंगात काही राहत नसते. हात लावा, श्वास पाहा, छाती दाबा. त्यातला एखादा वाचू शकतो आणि आपण दहा पावलांवर उभे राहून त्याला जाऊ देतो. रपट्यावरून गढूळ पाणी वाहत असेल तर मोटारसायकल घालू नका. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाला पाडते. उन्हाळ्याचे थोडक्यात सांगतो : कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटन बंद करा, पिन काढा, पायात चप्पल घाला.

पण आमच्या मते सगळ्यात मोठे काम यादीचे आहे, आणि ते महिला मंडळाचे आहे. दिवसा वस्तीत बायाच असतात. कोणत्या घरात खाटेवरची म्हातारी आहे, कोणाला दिसत नाही, कोणती सून दिवसांची आहे, कोण बाळंतीण आहे, कोणाला रोजचे औषध लागते, हे तलाठ्याच्या दप्तरात नसते, पण मंडळाच्या बायांना तोंडपाठ असते. ते कागदावर उतरवा. प्रत्येक अशा घरामागे दोन माणसे नेमा, त्यांनी त्या माणसाला उचलून विहारात आणायचे. विहाराची किल्ली एकाच घरी नको, तीन घरी ठेवा. विहाराचा भोंगा जयंतीपुरता नाही, बॅटरीवर चालतो की नाही ते मृग लागायच्या आत पाहा.

आणि कागद. पुरात भांडी गेली तर पुन्हा घेता येतात. पण आजोबाचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, 1950 च्या आधीचा एखादा पुरावा भिजून गेला तर नातवाची जात पडताळणी अडते आणि त्याची शिष्यवृत्ती, त्याची नोकरी अडते. दोन पिढ्यांनी जे मिळविले ते एका ट्रंकेत असते आणि ती ट्रंक जमिनीवर असते. ते सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर ठेवा, आणि झेरॉक्स दुसऱ्या गावच्या नातेवाईकाकडे द्या. आठ-अ, रेशनकार्ड, पासबुकही त्यात.

मदतीच्या वेळचेही प्रशिक्षण लागते. 2004 च्या सुनामीनंतर तामिळनाडूत मदतछावण्यांतून दलित कुटुंबांना वेगळे ठेवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आपल्या कायद्याचे कलम 61 सांगते की मदत आणि भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश, धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. हे कलम वस्तीतल्या दोन शिकलेल्या पोरांना पाठ असावे. पंचनाम्याला साहेब येतील तेव्हा यादी हातात असावी, घराचे फोटो असावेत, आणि बोलणे नम्र पण पुराव्याचे असावे. तसेच आपल्या विहारात आसरा घ्यायला वरच्या आळीचा माणूस आला तर त्याला आधी चटई द्यायची. आजारी भिक्खूला भगवंतांनी आनंदासह स्वतः धुतले, तेव्हा त्याचे कुळ विचारले नव्हते.

पारसची गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपल्या आवारात पिंपळ आहे, टिनाचे शेड आहे, बुद्धजयंतीला शेडभर माणसे असतात, आणि दिवस वादळाचे असतात. पिंपळ तोडा असे आम्ही म्हणत नाही. वाळलेल्या फांद्या उतरवा, शेडचे खांब तपासा, वायरी उघड्या आहेत त्या आजच झाका. आम्ही येताना पाहिल्या.

पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर पहिला वर्ग आहे. प्रत्येक घरातून एक रिकामा पिपा, झाकणासह, आणि जुने एक लुगडे आणावे. मंडळाच्या भगिनींनी वही आणावी, नाल्याच्या कडेच्या घरांपासून सुरुवात करू.

नमो बुद्धाय. जयभीम.