आहिनाहिनाचं गोत्र

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कॉम्प्युटरवाल्याला झाडांवर बोलायला उभं केलंत, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

हवाईला जाऊन आलेले इथे बरेच असतील. मोठ्या बेटावरच्या मौना केआ या ४,२०५ मीटर उंच ज्वालामुखीवर लोक दुर्बिणी बघायला जातात. मी बोलणार आहे ते त्याच डोंगरावरच्या आहिनाहिना या झाडाबद्दल. इंग्रजीत सिल्व्हरस्वोर्ड. सूर्यफुलाच्या कुळातलं. तलवारीसारख्या पानांवर चंदेरी लव असते, त्यामुळे वरचं कडक ऊन परतवलं जातं. वर्षानुवर्षं नुसता पानांचा गुच्छ वाढतो, मग एकदाच पुरुषभर उंचीचा फुलोरा येतो आणि झाड मरतं. आपली कारवी आठवा, सात वर्षांनी फुलते आणि संपते. तिचा सह्याद्रीसुद्धा लाव्हाचाच.

अठराव्या शतकाच्या अखेरीस गोऱ्यांच्या जहाजांतून बेटावर मेंढ्या आल्या, त्या रानटी झाल्या आणि डोंगर चरून साफ केला. मेंढीला पोचता येत नाही अशा कड्यांवर तेवढी आहिनाहिना उरली, तीही शेवटी पन्नासाच्या आत. (याच मेंढ्यांविरुद्ध पालिला नावाच्या पक्ष्याने कोर्टात दावा लावला होता! वादी म्हणून खरोखर पक्ष्याचं नाव. १९७९ मध्ये तो जिंकला आणि मेंढ्या हटवण्याचा हुकूम निघाला.)

दरम्यान रोपं तयार करून लावणं सुरू झालं होतं. हळूहळू साडेचारशेच्या वर झाली. आकडा बघून कुणीही म्हणेल, चला, वाचली. पण तपासल्यावर कळलं, की ही सगळी १९७३ मध्ये फुललेल्या फक्त दोन झाडांची लेकरं-नातवंडं आहेत! हेतू वाईट नव्हता. हाताशी बी होतं त्याचीच रोपं केली, इतकंच. आमच्या धंद्यात एकाच फाइलच्या साडेचारशे कॉप्या काढल्या तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत. मूळ फाइलमध्ये चूक असेल तर ती साडेचारशे ठिकाणी गेली.

इथे तर त्याहून वाईट. या झाडाला स्वतःचे पराग चालत नाहीत आणि जवळच्या नात्यातलेही पुष्कळदा चालत नाहीत. फूल ओळखतं आणि नाकारतं, मग बी पोकळ. गोत्राबद्दल तुमचं मत काहीही असो, आहिनाहिना मात्र ते कडक पाळते. म्हणजे आयुष्यात एकदाच बोहल्यावर चढायचं आणि भोवती सगळी भावंडंच उभी! शिवाय रानातली झाडं इतकी विरळ, की एकाच वेळी जवळजवळ दोन फुलतीलच याचा भरवसा नाही.

मग रॉबर्ट रोबिशो या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात वेगळा मार्ग धरला. रानातलं झाड फुललं की त्याचे पराग गोळा करायचे आणि लावलेल्या झाडांच्या फुलांवर हाताने नेऊन घालायचे. चक्क स्थळं जुळवणं! त्या बियांची रोपं डोंगरावर परत लावायची, आई कोण आणि पराग कुणाचे याची नोंद ठेवून.

पुढे अशी हजारो रोपं डोंगरावर गेली. पण नवीन रोपाला फुलायला पुष्कळ वर्षं लागतात, आणि कुंपण एका जागी तुटलं की मेंढ्या आत येतात. त्यामुळे कुंपणाच्या तारा तपासत फिरणं हे तिथलं कायमचं काम होऊन बसलंय.